फेरातली अकरावी बाई

१

रविवारी सकाळी सात वाजता मी शाळेच्या हॉलचं कुलूप काढून आत गेलो आणि पाहतो तर माझ्या चित्रातल्या एका बाईचे दागिने चोरीला गेले होते.

दागिने रंगातलेच, पण गेले होते खरे. आठ फूट रुंद कॅनव्हासवर अकरा बंजारा बाया हातात हात घालून फेर धरताहेत, असं ते चित्र. दहा जणी जशाच्या तशा होत्या. अकरावीच्या, म्हणजे अगदी समोर येणाऱ्या बाईच्या, दोन्ही कानशिलांवर लोंबणारी चांदीची घुगरी नाहीशी झाली होती आणि कोपरावरचा पांढरा चुडाही. तिचा चेहरा, हनुवटीवरचं गोंदण, घागऱ्यावरचे आरसे यांना मात्र कुणी बोट लावलं नव्हतं.

मी आर्णीच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. आडनाव गुल्हाने. हे साल त्रेसष्टचं, जानेवारीतलं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि इकडे मी आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन मांडून बसलो होतो. विषय माझाच, ‘चित्रांतला फेर’. पचमढीच्या खडकावरच्या काडीसारख्या माणसांपासून बाघच्या लेण्यातल्या टिपऱ्या खेळणाऱ्या बायांपर्यंत, राजस्थानी रासापासून विलायती शेतकऱ्यांच्या नाचापर्यंत, जुन्या चित्रांच्या सहा नकला मी दोन वर्षं खपून केल्या होत्या. सातवं चित्र माझं स्वतःचं. आदल्या होळीला हरिसिंग नायकाच्या तांड्यावर बायांचा फेर पाहिला, वहीत टिपणं घेतली आणि त्यावरून ते रंगवलं. सोमवारी अकरा वाजता नागपूरहून परीक्षक येणार होते. चित्र त्यांच्या मनात भरलं तर तिथल्या कलाशाळेत माझी जागा पक्की, असं मला पत्रानं कळलं होतं. तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

एवढ्यात हातात झाडू घेऊन पूनमसिंग आला. तो शाळेचा चपराशी, त्याच तांड्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. हॉलच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्याच्या कमरेला, एक माझ्या घरी खुंटीला. कुलूप शाबूत होतं. मी एवढाच हिशेब केला आणि जाऊन त्याची कॉलर धरली. समोर प्रदर्शनाच्या कमिटीचे अध्यक्ष वामनराव उभे, दोन मास्तर उभे, दारात बाजारातली चार माणसं गोळा झालेली.

"काहून केलं?" मी ओरडलो. "मी नोकरीवर ठेवतो म्हणून माजला काय?"

नोकरीवर मी ठेवलं नव्हतंच. तरीही तसं म्हणालो. पूनमसिंग जमिनीकडे पाहत राहिला. मी केलं, असंही म्हणाला नाही आणि नाही केलं, असंही नाही. मी त्याच्या कमरेची किल्ली ओढून घेतली आणि उद्या तुझी नोकरी घालवतो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण हे गाळून पुढचं सांगता येत नाही.

दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा चोर कसा धरला ते बायकोला, बेबीला, तिखटमीठ लावून सांगितलं. बेबी ऐकत होती. ताटातली भाकर जाड होती.

"हे कोणी केली?" मी विचारलं.

"तुळसाबाईनं थापून देल्ली. कालपासून तीच करून राह्यली."

शेजारची तुळसाबाई आमच्यासाठी भाकरी का थापते, हे मी विचारलं नाही. मला स्वतःच्या चित्रापलीकडे काही विचारायची सवयच नव्हती. शुक्रवारीसुद्धा बेबी त्या चित्राबद्दल काहीतरी बोलायला आली होती आणि मी पाट्यांवर नावं लिहिण्यात गुंतलो होतो.

जेवून तासभर पडलो आणि उठतो तोच दारात छत्री टेकल्याचा आवाज झाला. विमलताई आली होती.

२

विमलताई म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. पंचवीस वर्षं तांड्यातांड्यांवरून, वाड्यांवरून बाळंतपणं करत फिरलेली, अंगानं आडवी, गालात सुपारी. गावात कुणाच्या घरी काही हरवलं की पोलिसाच्या आधी हिला निरोप जायचा. माणसांना ताप लपवता येत नाही तर चोरी काय लपवणार, असं ती म्हणायची.

"पूनमसिंगाले धरलं म्हणते तुम्ही," ती म्हणाली.

"धरलं. किल्ली त्याच्याजवळ होती."

"तुमच्याजवळ बी हाय ना एक. तुमाले कोणी धरलं नाई ते." असं म्हणून ती हॉलकडे चालू लागली. मी मागे.

चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग नाक पार कॅनव्हासला लावून हुंगलं.

"वामनराव म्हणते, रॉकेलनं पुसलं," मी म्हणालो.

"रॉकेल नोहे हे. टर्पेंटाइन हाय. मुरगळलेल्या पायाले मी हेच चोळतो दवाखान्यात, मले वास माहीत नाई काय." तिनं चित्रातल्या उघड्या हाताच्या रंगावरून बोट फिरवलं. "खालचा रंग जसाचा तसा. ते कसं?"

मी समजावलं. हात-चेहरे मी दसऱ्यालाच रंगवले होते, ते कडक वाळले होते. दागिने सगळ्यात शेवटी, बुधवारी, सफेद्याचे, म्हणजे पांढऱ्या तैलरंगाचे, जाड थर देऊन काढले. सफेदा वाळायला पंधरा दिवस घेतो. टर्पेंटाइनचा फडका हलक्या हातानं फिरवला तर वरचा ओला थर निघून येतो आणि खालचं चित्र हलत नाही. मात्र जोर लावला, तर सगळाच चिखल.

"मंजे ज्यानं पुसलं त्याले हे माहीत होतं."

"किंवा नशीब."

"दोन कानशिलं अन् दोन हात, चारी ठिकाणी नशीब?" तिनं सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "अन् तोंड काहून सोडलं? चित्र बिघडवायचं असतं त तोंडाले काळं फासलं असतं. हे त कोणी अंगावरचे दागिने उतरवून ठेवावे तसं केलं हाय."

मागच्या खिडकीशी जाऊन ती थांबली. गजावर जुन्या धोतराचा एक फडका वाळत होता. सकाळी मी तो पाहिलाही नव्हता. धुऊन, पिळून, चारी टोकं ओढून सरळ घातलेला. विमलताईनं तो हुंगला आणि माझ्या हातात दिला. टर्पेंटाइनचा वास अजून होता.

"मास्तर, चोर कधी फडका धुऊन वाळत घालते काय?"

३

त्या दुपारी आम्ही दोघांना भेटलो.

वामनरावांचा माझ्या चित्रावर राग होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेच्या भिंतीवर देवादिकांची चित्रं लावा, असं त्यांचं म्हणणं. ते जिनिंगच्या आवारात खाटेवर बसून वजनं पाहत होते.

"मले ते चित्र पसंत नाई, हे मी तुमच्या तोंडावर बोललो," ते म्हणाले. "पण शनिवारी मी दारव्ह्याले लग्नात होतो, रातच्या मोटारनं आलो. अन् मले पुसायचंच असतं त मी एक बाई कायले पुसू? समद्याच पुसल्या असत्या."

विमलताईला ते पटलं. मलाही पटलं, थोडं वाईट वाटून पटलं.

दुसरा देवसिंग. तो तांड्यावरचा तिशीतला गडी, गुरुवारी प्रदर्शन गावाला खुलं केलं तेव्हा माझ्या चित्रासमोर तासभर उभा होता. तेव्हा मला वाटलं होतं, किती रसिक माणूस. तो आपल्या कापसाच्या गाडीजवळ सापडला. चित्रातली बाई पुसली, हे ऐकताच त्याचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"कोणं पुसलं? ते मले उद्या तसंच पायजे होतं."

"तुले कायले पायजे होतं?" विमलताईनं विचारलं.

"उद्या नसाब बसून राह्यला तांड्यात. नायक येते, पंच येते. मी त्यायले इथं आणून दाखवणार होतो. माह्या भावजयीनं घुगरी घातली, चुडा घातला, शाळेच्या भिंतीवर समद्या मुलखानं पाह्यलं." तो माझ्याकडे वळला. "बेस काढलं होतं तुमी मास्तर. हुबेहूब रुपी. पण पुसलं त पुसलं. तांड्यातल्या वीस जणायनं पाह्यलं हाय. अन् पुसलं मंजे काई खरं होतं म्हणूनच पुसलं ना."

तो खूष होऊन गाडीकडे गेला. मला त्यातलं काहीच समजलं नव्हतं. भावजय कोण, घुगरी घातली तर काय झालं, नसाबात, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, एका चित्राचं काय काम?

विमलताई माझ्याकडे पाहत होती. तशा नजरेनं ती दवाखान्यात बापांकडे पाहत असावी, पोर पार आडवं झाल्यावर आणणाऱ्या बापांकडे.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या चित्रातल्या त्या बाईचा नवरा वारला, हे तुमाले माहीत होतं काय?"

४

मला माहीत नव्हतं. ती बाई विधवा आहे हेच माहीत नव्हतं, मग नवरा कधी वारला हे कुठून असणार.

आम्ही पुन्हा हॉलमध्ये आलो. विमलताईनं एक बाक ओढून घेतलं आणि सहाही नकलांकडे बोट केलं.

"हे मले समजावून सांगा. एकेक."

मी सांगू लागलो. एरवी मला असं कुणी विचारलं की माझी जीभ सुटते. खडकावरचा फेर आहे तो बघा, सगळ्या आकृती एका मापाच्या. बाघच्या बाया टिपऱ्या घेऊन मधल्या माणसाभोवती फिरताहेत. रासात प्रत्येक गोपीला एक कृष्ण, सगळ्या गोपींना तीच नथ, तेच पैंजण, तेच डोळे. जुना चितारी एक बाई नीट काढायचा आणि तीच फेरात फिरवायचा. फेर म्हणजे सगळ्या सारख्या, हेच त्याचं सौंदर्य.

"अन् फेराच्या बाहेर कोण उभं हाय यायच्यात?"

"बाहेर?"

"मी पंचवीस वर्षं फेर पाहून राह्यली. होळीचा, तीजेचा, लग्नातला. असा एक फेर मी पाह्यला नाई का ज्याच्या बाहेर कोणी बाई उभी नाई. कोणी पोटुशी, कोणी म्हातारी, कोणी रांडवलेली. तुमच्या या सहा चित्रायत त्या कुठी गेल्या?"

मी सहाही चित्रांवरून नजर फिरवली. एकही नव्हती. हजारो वर्षांच्या चितार्‍यांनी फेर गोल बंद केला होता आणि बाहेरचीला कागदच दिला नव्हता. ही चित्रं मी दोन वर्षं नाक लावून गिरवली होती, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"होळीच्या दिवशी नाचत होत्या किती?" तिनं विचारलं.

मी वही काढली. टिपणं खोटं बोलत नाहीत. फेरात दहा बाया होत्या. अकरावी पानाच्या कडेला, वेगळी उभी, टाळ्या वाजवत गाणं सांगणारी. उंच, हनुवटीवर गोंदण. कानशिलावर काही नाही, हातात काही नाही.

"मग ती आत कशी आली?"

"चित्रात समोरची जागा रिकामी दिसत होती," मी म्हणालो. "अन् चेहरा तिचाच चांगला होता."

"दागिने?"

"नायकाच्या बायकोनं, हंसाबाईनं, तिचा एक जोड पाहायला दिला होता. तोच मी सगळ्यांना घातला."

विमलताईनं मग मला सांगितलं ते असं. त्या तांड्यात नवरा असलेली बाईच घुगरी आणि चुडा घालते. नवरा गेला की दोन्ही उतरतात आणि ती फेरातून बाहेर येते. पुढे तिनं दिराचा हात धरला तर सगळ्या तांड्यासमोर पुन्हा घुगरी घालते. म्हणजे घुगरी घालणं हाच होकार. रुपीबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी साप चावून गेला. धाकटा दीर देवसिंग तेव्हापासून मागे लागला होता. रुपीबाईला तो नको होता. तिला आपल्या झोपडीत आपल्या मुलीला घेऊन राहायचं होतं, कापूस वेचून पोट भरायचं होतं. देवसिंगाकडे बोलायला काही नव्हतं आणि मी त्याला आठ फुटांचा पुरावा रंगवून दिला. उद्या नसाबानं तिचा होकार मानला, तर तिला त्याच्या घरात जावं लागणार होतं.

मी बाकावर बसलो. मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की चित्र ज्यानं पुसलं त्यानं बरं केलं.

"म्हणजे रुपीबाईनंच पुसलं," मी म्हणालो.

"तिच्याजवळ टर्पेंटाइन कुठचं?"

"मग पूनमसिंग. त्याच्या तांड्याची बाई, किल्ली त्याच्याजवळ."

"त्याले माहीत हाय काय, सफेदा पंधरा दिवस ओला राह्यते ते?" ती उठली आणि छत्री घेतली. "एक गोष्ट मी तुमाले सांगतली नाई. आज दुपारी मले एक निरोप आला. पूनमसिंगानं काई केलं नाई, त्याले वाचवा, एवढाच. कोणाचा ते निरोप्या सांगत नव्हता. ज्याले हे माहीत त्याले बाकीचं बी माहीत असन."

"निरोप आणला कोणी?"

"ते मी जेवताना सांगतो. आज रातची मी तुमच्याकडे जेवायले येतो, मास्तर."

५

दिवेलागणीला ती आली. बेबीनं पाट मांडला, वांग्याची भाजी वाढली, भाकर वाढली. विमलताईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खालीवर करून पाहिला.

"बेबीताई, हे भाकर तुमच्या हातची नोहे. तुमची कशी कागदावानी पातळ राह्यते."

"तुळसाबाईनं केली."

"तुळसाबाईनंच मले निरोप आणला दुपारी," विमलताई शांतपणे म्हणाली. "हात दाखवा तुमचे."

बेबीनं हात पुढे केले. मी ते पाहिले आणि काही दिसलं नाही, नेहमीचे हात. विमलताईनं हुंगले आणि सोडून दिले.

"जात नाई ना वास? दोन दिवस जात नाई. पिठाले लागते म्हणून शेजारणीले भाकरी मागितल्या. फडका धुऊन वाळत घातला, कारण तुमच्याच्यानं घाण टाकवत नाई. बारा वर्षं यायचे ब्रश धुतले, चुकलेला रंग कसा काढावा हे तुमच्याहून कोणाले जास्त माहीत? अन् किल्ली खुंटीवरची."

बेबी रडली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. विमलताईला सांगत होती.

"शुक्रवारी रुपीबाई मागच्या दारानं आलती. पायाशी बसली. म्हणे, मास्तरायले सांगा, माह्या आंगावरचं तेवढं काढून टाका. मी यायले सांगाले गेली. हे लिहून राह्यले होते. म्हणे, चित्रातलं तुले काय समजते."

मला ते वाक्य आठवलं. मी मान वर न करता म्हटलेलं.

"शनिवारी बाजार होता, शाळेत कोणी नोहतं. मी गेली. पूनमसिंग पडवीत होता. त्यानं मले आत जाताना पाह्यलं, बाहेर येताना पाह्यलं. काई इचारलं नाई. माहं काम होईपर्यंत दारात उभा राह्यला, कोणी येऊ नये म्हणून."

"मग आज सकाळी तो बोलला का नाही?" मी विचारलं.

आता ती माझ्याकडे वळली.

"कोणाचं नाव घेणार होता तो? चार माणसायत, तुम्ही त्याची कॉलर धरून उभे असताना, तुमच्या बायकोचं? तुमच्या घराचं नाव त्यानं राखलं. मी सांगणारच होती तुमाले, तुम्ही जेवायले आले तवा. पण तुम्ही ते इतकं हौसेनं सांगत होते, की मले तुमच्याशी बोलायचीच लाज वाटली. म्हणून ताईले निरोप धाडला."

माझ्या ताटातली भाकर तशीच राहिली. आयुष्यात माझे अपमान काही कमी झाले नव्हते, पण बायकोला माझी लाज वाटावी, हे पहिल्यांदा झालं होतं आणि तिचं चुकत नव्हतं.

विमलताईनं मात्र जेवण पुरं केलं. हात धुताना म्हणाली, "बेबीताई, तुम्ही चांगलं केलं, पण पुसून भागलं नाई. देवसिंगाचं आइकलं ना? आता तो म्हणते, खरं होतं म्हणून पुसलं. नसाब उद्या दहाले बसते. फेरात रुपीबाई नोहती, हे सांगणारा एकच साक्षीदार हाय."

"परीक्षक अकराला येणार," मी म्हणालो. हेही मी म्हणालो, ते लपवत नाही.

बेबीनं वही आणून माझ्यासमोर ठेवली.

६

तांडा आर्णीपासून चार मैल. सोमवारी सकाळी मी वही पिशवीत घातली, हॉलची किल्ली वामनरावांकडे दिली आणि सायकलवर निघालो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या. त्यांतली एखादी रुपीबाई असेल का, असं वाटून मी प्रत्येकीकडे पाहत होतो आणि पाहिलं की शरमत होतो.

लिंबाखाली नसाब बसला होता. मधे हरिसिंग नायक, पांढरा फेटा, बाजूला पंच. पुरुष पुढे, बाया मागे. देवसिंगाचं बोलणं होत आलं होतं. रुपीबाई एका कडेला मुलीला घेऊन बसली होती. ती माझ्या चित्रातल्याहून लहान दिसत होती.

मी नायकाला नमस्कार केला आणि आधी पूनमसिंगाला शोधलं. तो मागे उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो.

"पूनमसिंगभाऊ, काल मी चार माणसायसमोर तुमची कॉलर धरली. तुमी काई केलं नोहतं. माह्याच घरातल्या माणसानं ते पुसलं, अन् बेस केलं. मी तुमची माफी मागतो."

बारा वर्षांत मी त्याला प्रथमच तुम्ही म्हणालो. तो कावराबावरा झाला. मग नायकानं मला पुढे बोलावलं.

मी वही उघडून त्याच्यासमोर धरली. "हे होळीच्या दिवशीचं हाय. फेरात दहा बाया. रुपीबाई बाहेर उभी, हे पाहा. डोक्याले घुगरी नाई, हाताले चुडा नाई. चित्रात मी तिले आत ओढलं. घुगरी हंसाबाईची, चुडा हंसाबाईचा. तिनं काई घातलं नाई. समदं मी घातलं."

"काहून?" नायकानं विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. विमलताईला ते मी सहज दिलं होतं. इथे ते तोंडातून निघेना.

"जागा रिकामी दिसून राह्यलती म्हणून."

नायकानं ते मागे बसलेल्यांसाठी मोठ्यानं सांगितलं. जागा रिकामी दिसत होती म्हणून. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. सगळा तांडा माझ्याकडे पाहत होता आणि माझी मान वर होत नव्हती.

देवसिंग उठला. "पण तिनं काढू देल्लं ना? तिची मर्जी असल्याबिगर कोणी काढते काय?"

तेव्हा रुपीबाई बोलली. उभी राहिली नाही, बसल्या जागेवरून बोलली.

"मास्तर, तुमी मले इचारलं होतं काय?"

"नाई."

"होळीले?"

"नाई."

"मंग? रंगवून राह्यले तवा?"

"कधीच नाई इचारलं."

ती पंचांकडे वळली. "आइकलं ना. मले कोणीच इचारलं नाई. देवसिंगानं बी नाई, मास्तरानं बी नाई. आता इचारा, मी सांगतो."

नायकानं विचारलं. तिनं एका शब्दात नाही म्हटलं. पंच थोडा वेळ आपसांत बोलले आणि नायकानं निकाल दिला. चित्र धरायचं नाही. रुपीबाई आपल्या झोपडीत राहील आणि तिनं स्वतः होऊन म्हटल्याशिवाय हा विषय तांड्यात कुणी काढायचा नाही. देवसिंग पाय आपटत निघून गेला.

मी शाळेत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. परीक्षक येऊन गेले होते. वामनरावांनी सांगितलं, नकला त्यांना बऱ्या वाटल्या. मोठ्या चित्राजवळ थांबले आणि चित्रकार हजर का नाही, असं दोनदा विचारलं. नागपूरचं पत्र पुढे कधी आलं नाही. मी त्याची वाटही पाहिली नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

बेबीनं त्या संध्याकाळी भाकरी थापल्या. तांड्यावर काय झालं ते तिनं मला विचारलं नाही, विमलताईकडून ऐकून घेतलं.

मार्चमध्ये होळी आली. पूनमसिंगानं रीतसर बोलावणं दिलं होतं, मी गेलो. वही नेली नाही, पेन्सिलही नाही. लांबूनच गाणं ऐकू येत होतं. मी सायकल लिंबाला टेकवून पुढे झालो आणि फेरातल्या एकीनं मला पाहिलं. ती थांबली. मग तिच्या शेजारची थांबली आणि असं करत सगळा फेर थांबला. कुणी हात सोडले नाहीत. बाहेर टाळ्या देत उभ्या असलेल्या रुपीबाईनं तोंडावर पदर ओढून घेतला. सगळ्या जणी, पाहुणा बोलेपर्यंत थांबावं तशा थांबल्या होत्या.

मी हसून म्हणालो, "चालू द्या."

कुणी हललं नाही.

पूनमसिंग माझ्याजवळ आला. त्याच्या हातात माझ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तो त्यानं मला दिला, मी पाणी पिऊन परत देईपर्यंत वाट पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमी जा आता. तुमी हाय तोवर बाया नाचणार नाईत."